क्षमेची रांग

बाईंनी पायपेटीवरची चादर ओढली तसा धुळीचा लोट उठला आणि त्या खोकल्या. दोन्ही हात लगेच तोंडावर गेले. रिकाम्या चर्चमध्येही खोकायची हल्ली चोरी झाली होती.

"पाणी आणू?" मागच्या बाकांमधून पाळकांनी विचारलं. ते हातात टेप घेऊन दोन माणसांमधलं अंतर आखत होते.

"नको. ही बघा, ही माझ्याहून जास्त दमलीये."

बाईंनी पायाखालचे पट्टे दाबले. भात्यातून आधी नुसता वारा आला, मग एकेक सूर. वरचे दोन मुके झाले होते, बाकीचे जिवंत होते.

पाळक नवे होते. साथ ऐन भरात असताना त्यांची इथे बदली झाली, त्यामुळे आपली मंडळी त्यांनी आजवर फोनवरच्या चौकोनांतच पाहिली होती. माणसांपेक्षा माणसांमागची कपाटं त्यांच्या जास्त ओळखीची. येत्या रविवारी पहिल्यांदाच सगळे एका छपराखाली येणार होते आणि पाळकांच्या अंगात नवरदेवाचा उत्साह संचारला होता.

"झगे मात्र नकोत, बाई," ते जवळ येऊन म्हणाले. "गाणारे साध्या कपड्यांत बसू देत. एकोणीस झगे आणि तेरा माणसं. लोक मोजत बसतील."

"बारा," बाई म्हणाल्या.

"तेरा," पाळक म्हणाले. "त्याबद्दलच बोलायचं होतं."

बाईंचे पाय थांबले. भात्यात उरलेला वारा हळूहळू निघून गेला.

तेरावं माणूस म्हणजे शिवणवाली. तिचा विषय चर्चमध्ये कुणी काढत नसे आणि काढलाच तर सोबत एखादी शिवी येई. दोन वर्षांपूर्वी, सगळं बंद होण्याच्या आदल्या गुरुवारी, गायकवृंदाची शेवटची तालीम झाली होती. मागची खोली, बंद खिडक्या, पेटीवर बाई, एकोणीस गाणारे आणि दोन तास घसा मोकळा सोडून गाणं. शिवणवाली अंगात ताप घेऊन आली होती. तीन दिवसांनी ती हॉस्पिटलात गेली आणि डॉक्टरांनी विचारल्यावर भोळेपणाने सांगून बसली की गुरुवारीच अंग तापलं होतं. महिन्याभरात एकोणिसांतले सहा जण गेले. कंपाउंडरची बायको गेली. जुळ्या भावांतला एक गेला. बाईंचा नवरा सगळ्यात शेवटी गेला. त्याचा चेहरा नर्सने फोनवर दाखवला तो घाईघाईत, फोन उलटा धरून.

शिवणवाली वाचली. तिचं वाचणंच लोकांना सगळ्यात जास्त खुपलं.

"परमेश्वराच्या घरी परत येताना हे असं मनात घेऊन यायचं नाही," पाळक सांगत होते. "हात मिळवायची वेळ आली की मी तिला पुढे बोलावतो. सगळ्यांनी रांगेने यायचं, तिचा हात धरायचा आणि म्हणायचं, क्षमा केली. दोनच शब्द. पण पहिला हात तुमचा हवा, बाई. तुमचं माणूस गेलंय. तुम्ही दिलात तर मागच्यांना नाही म्हणायला तोंड राहणार नाही."

हीच वेळ होती. समोर टेप गुंडाळत उभा असलेला हा भला माणूस, आसपास दुसरं कुणी नाही. बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं.

"बघते," त्या म्हणाल्या.

खरं काय ते फक्त दोघींना माहीत होतं. त्या गुरुवारी चार वाजता शिवणवालीचा फोन आला होता. "बाई, अंग कसकसतंय, घसाही धरलाय. सगळीकडे हे असं चाललंय म्हणून विचारते, येऊ की नको?" बाई तेव्हा गीतांच्या कागदांच्या चळती लावत होत्या आणि वैतागलेल्या होत्या. चर्चला शंभर वर्षं पूर्ण होत होती, ती उपासना तोंडावर आली होती आणि खालच्या सुरात गाणाऱ्या बायका मोजून तीन. "तालमीच्या दिवशी तुझं नेहमी काहीतरी दुखतं," त्या म्हणाल्या होत्या. "कोमट पाणी पी, एक गोळी घे आणि ये. तू नसलीस की त्या दोघी वरच्या सुरात वाहत जातात." आणि ती आली होती. सांगितल्याप्रमाणे गोळी घेऊन आली होती.

पुढे खापर फोडायला कुणाचं तरी डोकं हवं होतं तेव्हा तिचं सापडलं आणि बाई मूग गिळून बसल्या. सुरुवातीला शोकाचं निमित्त होतं. नवरा गेलेल्या बाईला कोण काय विचारणार? लोक दारात डबे ठेवून जात, फोनवर रडत आणि रडता रडता शिवणवालीला शिव्याशाप देत. बाई ऐकून घेत. ऐकून घेण्यातच दोन वर्षं गेली.

शनिवारी दुपारी त्या घराबाहेर पडायला निघाल्या तेव्हा लेकीने हटकलं.

"कुठे?"

"जरा जाऊन येते."

"पाळकांनी मलाही सांगितलंय," लेक म्हणाली. "तुला द्यायचा तर दे हात. मी नाही देणार. माझा बाप मारलाय तिने."

बाई चपलेचा पट्टा लावायला वाकल्या त्या बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"आई, मी लावू का?"

"नको. लागला."

शिवणवालीचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. पूर्वी तिथे मापं द्यायला आलेल्या बायका दाटीवाटीने उभ्या असत. आता भिंतीशी उशांच्या अभ्र्यांचे गठ्ठे होते, कुठल्याशा वसतिगृहाचे. ओळखीच्यांनी कपडे टाकणं बंद केल्यापासून ती अनोळख्यांसाठी शिवत होती. साथीत तिने एका दुकानदारासाठी हजारोंनी मास्क शिवले होते. चर्चनेही त्याच दुकानातून घेतले होते. तिला पाहून रस्ता ओलांडणाऱ्या निम्म्या लोकांच्या नाकातोंडावर तिचीच शिलाई होती. हे तिने हसत हसत सांगितलं. बाईंना हसू आलं नाही.

"बसा ना. स्टूल जरा डुगडुगतं, सांभाळून."

बाई बसल्या.

"पाळक येऊन गेले ना?"

"येऊन गेले. चांगले आहेत हो. म्हणाले, सगळे तुला माफ करणार आहेत." तिने दाताने दोरा तोडला. "मी म्हटलं, बरं."

"तू कधी कुणाला सांगितलं नाहीस?"

"एकदा सांगितलं. कंपाउंडरना. त्यांची बायको गेली, म्हटलं निदान त्यांना तरी कळू दे. मी बाईंना विचारलं होतं हो, म्हटलं. तर म्हणाले, आता त्या विधवेवर ढकलतेस होय, लाज नाही वाटत?" तिने अभ्र्याची कड दुमडून सुईखाली सरकवली. "मग नाही सांगितलं. खरं असूनही माझ्या तोंडून ते खोटंच वाटतं."

मशीन थोडं चाललं आणि थांबलं.

"मला बाकी काही नको, बाई. आजार माझ्यासोबत आला, ते मी कुठे नाकारते? सहा माणसं गेली. रोज आठवतात. पण मी विचारलं होतं. विचारल्याशिवाय आले नव्हते. एवढंच कुणीतरी सांगावं."

"मी सांगेन," बाई म्हणाल्या. स्वतःचा आवाज ऐकून त्यांना एकदम हलकं वाटलं. "उद्याच. हात द्यायला येईन तेव्हा, सगळ्यांसमोर."

शिवणवाली त्यांच्याकडे पाहत राहिली. आता ही रडणार, असं बाईंना वाटलं. पण ती उठली आणि कपाटातून झगा काढून आणला, जांभळा, पांढऱ्या कॉलरचा. सगळे एकोणीस झगे तिनेच शिवले होते.

"माझा माझ्याकडेच राहिला होता. इस्त्री करून ठेवलाय. उद्या घालू का?"

"घाल की," बाई म्हणाल्या. आपल्याच निश्चयाच्या भरात पाळकांचं बोलणं त्यांच्या डोक्यातून पार गेलं होतं.

रविवारी चर्च निम्मं भरलं. लोक दारात थबकत, आपला नेहमीचा बाक शोधत आणि त्यावर चिकटवलेली फुली पाहून बावरत. कुणी मिठी मारायला पुढे होई आणि मध्येच हात आखडून घेई. मास्कवरच्या डोळ्यांवरून माणूस ओळखायचं, तर डोळेही म्हातारे झालेले. गाणारे बारा जण साध्या कपड्यांत, मध्ये जागा सोडून बसले होते.

शिवणवाली झगा घालून आली. दारापासून पुढच्या बाकापर्यंत कुजबुज तिच्यासोबत चालत गेली.

"हौस बघा," कुणीतरी तिला ऐकू जाईल असं म्हणालं.

तिने गाणाऱ्यांचे कपडे पाहिले आणि तिचा हात कॉलरशी गेला. मग तिने पायपेटीकडे पाहिलं. बाई तिथे होत्या. तिने हात खाली घेतला.

झग्यांबद्दलचं पाळकांचं बोलणं बाईंना आता आठवलं. तरी वाक्य तयार होतं. तिने मला विचारलं होतं, मीच तिला ये म्हटलं. एवढंसं वाक्य त्या सकाळपासून मनात घोळवत होत्या, भाकरीचा घास चावावा तसं, आणि आता ते अगदी मऊ झालं होतं.

पाळक छान बोलले. एका भगिनीच्या हातून झालेल्या चुकीबद्दल बोलले, तिने एकटीने वाहिलेल्या ओझ्याबद्दल बोलले. मग त्यांनी तिला पुढे बोलावलं आणि बाईंकडे पाहून मान झुकवली.

बाई उठल्या. पायपेटीपासून दहा पावलं. पुढच्या बाकावर कंपाउंडर मांडीवर बायकोचं गीतांचं पुस्तक घेऊन बसले होते. त्यांच्यामागे लेक, हातांची घडी घालून. पण ती आईकडे बघत होती ते मात्र लहानपणी शाळेच्या कार्यक्रमात बघायची तसं, आता आपली आई वाजवणार म्हणून आजूबाजूच्यांना कोपर मारत.

बाईंनी हात पुढे केला. शिवणवालीचा हात गार होता, बोटांची टोकं सुईने खरबरीत झालेली. लेकीचा सोडला तर दोन वर्षांत बाईंनी धरलेला हा पहिलाच हात. पाळकांनी माइक दोघींच्या मध्ये धरला.

"मी," बाई म्हणाल्या. तो एकच शब्द भिंतींवर आपटून परत आला. त्यांनी लेकीकडे पाहिलं. पाहायला नको होतं.

"मी क्षमा केली."

शिवणवाली हात धरून उभीच राहिली. वाक्य अजून संपायचंय अशा समजुतीने ती थांबली होती. मग तिच्या लक्षात आलं.

"बरं, बाई," ती म्हणाली आणि तिनेच हात सोडला.

रांग लागली. बाई पेटीवर जाऊन बसल्या आणि हळू आवाजात काहीबाही वाजवत राहिल्या. क्षमा केली, क्षमा केली. कुणी घाईने उरकलं, कुणी उपकार केल्यासारखं म्हणालं, कंपाउंडरना तर दुसरा शब्द उच्चारताच आला नाही, ते रडत रडत निघून गेले. प्रत्येकाला ती बरं म्हणत होती. लेक सगळ्यात शेवटी गेली. परतताना ती पेटीपाशी थांबली.

"तुझ्यामुळे दिला, आई," ती म्हणाली. "तुझ्याएवढं मन नाही माझं."

तेवढ्यात पाळकांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी माइक शिवणवालीच्या हातात दिला.

"तुम्हाला काही म्हणायचंय?"

हे ठरलेलं नव्हतं. बाईंचे पाय पट्ट्यांवर थिजले आणि सूर आपोआप मावळला. आता ही सांगणार. सांगू दे एकदाचं, असं बाईंना वाटलं. आणि देवा, नको सांगू देऊस, असंही वाटलं, त्याहून कितीतरी जोरात.

शिवणवालीने माइक दोन्ही हातांनी धरला. तिने गाणाऱ्यांच्या बाकांकडे पाहिलं. तिची जागा तिथे अजून रिकामी होती, खालच्या सुरातल्या दोघींच्या मध्ये.

"त्या दिवशी मला ताप होता," ती म्हणाली. "यायच्या आधी कुणाला तरी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर कुणीही नकोच म्हणालं असतं. मी विचारलं नाही. माझं चुकलं."

सगळ्या चर्चने सुस्कारा सोडला. कंपाउंडरांनी मान डोलावली. दोन वर्षं लोकांना जे ऐकायचं होतं ते अखेर तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. खालच्या सुरातल्या दोघी जराशा सरकल्या.

"ये गं," त्यांच्यातली एक म्हणाली. "बस इथे."

ती जाऊन बसली.

बाईंचा जीव भांड्यात पडला. तो पडला हे त्यांना अगदी स्पष्ट कळलं. याहून वाईट काही आपल्याला आपल्याबद्दल कधी कळणार नाही, हेही कळलं.

"बाई, गीत घ्या," पाळक म्हणाले.

गाणारे उभे राहिले. शिवणवालीने शेजारणीच्या पुस्तकात पाहून पान काढलं, झग्याची बाही सारखी केली आणि बाकीच्या बारा जणांसारखीच ती सुरुवातीच्या इशाऱ्यासाठी बाईंकडे बघू लागली. तिच्या नजरेत राग नव्हता, ओळखही नव्हती. तेरा माणसं थांबली होती, बाईंना इशारा द्यावाच लागला.