एक्केचाळीस नंबरची परीक्षा

मी निलगिरी बोलतेय. इथे माझ्या जातीला एक्केचाळीस नंबर म्हणतात.

माझी आई एका मोठ्या लागवडीतलं झाड. मातीतल्या जंतूंनी तिथली हिरवीगार झाडं बघता बघता वाळली. चारशे झाडांत ती एकटी उरली. तिथल्या राखणदाराने तिच्या सहा कोवळ्या डहाळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून या संशोधन केंद्रात आणल्या. त्यातली एक मी. राखणदारही इथेच माळी म्हणून राहिले. संशोधक बाई त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही.

आई नशिबाने वाचली की तिच्या अंगातच ताकद होती, हे बाईंना बघायचं होतं. काचघरात वीस जातींची रोपं रांगेने मांडली. कुंडीत पातं खुपसून थोडी मुळं कापायची आणि जंतू कालवलेलं पाणी ओतायचं. ते काम काकांकडे होतं.

माझ्या रांगेत त्यांनी पातं फिरवलं, पण पाणी दुसऱ्याच बादलीतून घातलं. साधं, स्वच्छ.

आठव्या दिवसापासून बाकीच्या रांगा माना टाकू लागल्या. आम्ही सहाजणी ताठ. बाई आमच्या पानांवरून बोट फिरवायच्या, वहीत लिहायच्या, स्वतःशीच हसायच्या. मला मात्र कसंनुसं व्हायचं. आपली परीक्षा झालेलीच नाही, हे सांगणार कुणाला? केंद्राचे साहेब येऊन गेले. एक्केचाळीसची लाखभर रोपं करायचं ठरलं.

त्याच दुपारी काकांना बहिणीचा फोन आला. तिच्या शेतातली दोन वर्षांची निलगिरीची झाडं त्याच रोगाने वाळली होती. आता तिला पहिल्या खेपेतली माझ्याच जातीची रोपं हवी होती. काका 'बघतो' म्हणाले आणि उपड्या बादलीवर बसले. उठले, दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा बसले. माझा जीव टांगणीला.

शेवटी ते बाईंना घेऊनच आले.

"या रांगेला मी साधं पाणी घातलं," ते म्हणाले. "सगळी झाडं माझ्या डोळ्यांदेखत गेली. उरलेल्या एकीच्या लेकरांना रोग पाजायला हात धजेना."

बाई रागावल्या नाहीत. त्यामुळे काकांची मान आणखीच खाली गेली.

"लोकांनी वर्षानुवर्षं वाढवली असती, काका. मग ती वाळल्यावर कळलं असतं."

"म्हणून तर सांगतोय."

"आता जंतूंचं पाणी माझ्यासमोर ओता."

त्यांनी ओतलं. नवव्या दिवशी माझं खालचं पान लोंबलं. काका दिवसातून दहादा यायचे, पान उचलून बघायचे. दोन बहिणी गेल्या. महिन्याने आम्ही चौघी उभ्या होतो, पण जंतू आत दडूनही बसतात. म्हणून बाईंनी माझं खोड कापलं आणि वरचा तुकडा पाण्याच्या ग्लासात धरला. आत जंतू असले तर दुधासारखी तार खाली उतरते.

दोघंही ग्लासाकडे बघत उभी राहिली. पाणी नितळच राहिलं; बाकी तिघींचंही.

बाईंनी वहीत 'सहापैकी चार वाचल्या' असं लिहिलं. लाखभर रोपांचा बेत मागे पडला. आधी थोडी रोपं रोगट मातीत लावून बघायची. काकांनी बहिणीला कळवलं, "अजून खात्री नाही. दोन वर्षं थांब."

मी आता कुंडीतला वीतभर खुंट आहे. कापलेल्या जागेखाली दोन कोंब फुटलेत. उद्या मला त्या रोगट मातीत नेणार आहेत. भीती वाटते. पण काका, तिथे माझी गय करू नका. फक्त अधूनमधून बघायला येत जा.