तिसऱ्या दिव्याचा मासा

आमच्या पेंडलहर्स्टमध्ये आजवर काहीही घडलेलं नाही, आणि हे मी पुराव्यानिशी सांगू शकते, कारण चौदा वर्षं मी इथल्या इतिहास मंडळाची चिटणीस आहे. कुठल्याशा राजाच्या घोड्याचा नाल आमच्या पुलावर निखळला; राजा पुढे गेला, नाल मागे राहिला. एक नामांकित गायिका शेवटची गाडी चुकली म्हणून स्टेशनच्या बाकावर झोपली. एका क्रिकेटपटूची मावशी चर्चच्या मागे राहायची आणि तो तिच्याकडे एकदा जेवून गेला. एवढ्या भांडवलावर आम्ही ‘पेंडलहर्स्टची ओळख’ नावाची चौसष्ट पानी पुस्तिका काढतो आणि दर नोव्हेंबरात चर्चच्या हॉलमध्ये प्रश्नमंजूषा भरवतो. एक रात्र इथे झोपलेला माणूससुद्धा आम्हाला आपला वाटतो. तसे गावातले बाकीचेही इथे झोपायलाच येतात. सकाळी लंडनला, दिवेलागणीला परत.

मीही त्यातलीच. सत्तावीस वर्षं मी सात अडतीसची गाडी पकडली, विम्याच्या कचेरीत लोकांच्या फुटलेल्या खिडक्यांचे कागद तपासले आणि त्याच गाडीने परत आले. लग्न केलं नाही. कोणी विचारलं नाही असं नव्हे, पण ज्यांनी विचारलं त्यांच्याबद्दल जितकं कमी बोलावं तितकं बरं.

फलाटावर प्रत्येकाची जागा ठरलेली असते. कुठे पाटी नाही, रेघ नाही, पण दुसऱ्याच्या जागेवर उभं राहणारा माणूस एक तर नवखा असतो, नाही तर असभ्य. माझी जागा तिसऱ्या दिव्याच्या खांबाशी. गाडीचं दार बरोबर तिथे येतं. खांबाच्या दुसऱ्या बाजूला ते उभे राहायचे. करडा लांब कोट, मुठीला दोरा गुंडाळलेली तपकिरी चामड्याची बॅग. सकाळी मी मान हलवायची, तेही हलवायचे. गाडी उशिरा असली तर दोघांपैकी एकाने घड्याळाकडे बघून उसासा टाकायचा. संपलं. नाव विचारायची आमच्यात रीत नाही. पहिल्या दिवशी विचारलं तर आगाऊपणा, आणि पाच वर्षांनी विचारलं तर पाच वर्षं विचारलं नाही याची कबुली.

आम्ही असे वीस वर्षं उभे राहिलो.

बोललो ते एकदाच. एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत बर्फ पडलं, रूळ गोठले, आणि शहाणे लोक घरी परत गेले. आम्ही दोघंच शहाणे नव्हतो. प्रतीक्षागृहातला हीटर बंद होता. अर्धा तास आम्ही समोरच्या वेळापत्रकाकडे बघत बसलो. मग ते एकदम म्हणाले,

“तुम्हाला ठाऊक आहे का, आपल्या खांबावर मासा आहे?”

‘आपल्या’ म्हणाले. मला आजही तो शब्द त्यांच्या आवाजात ऐकू येतो.

“मासा?” मी म्हटलं.

“हे दिवे खरं तर एका समुद्रकाठच्या धक्क्यासाठी ओतले होते. कारखान्याने चुकून इकडे पाठवले. प्रत्येक खांबावर मासा कोरलेला. स्टेशन मास्तर भडकला, म्हणाला, समुद्र इथून चाळीस मैल, लोक हसतील. त्याने सगळे मासे कानशीने घासून काढायला लावले. कारागीर तिसऱ्या खांबाशी आला तेव्हा त्याची जेवायची सुटी झाली, आणि परतल्यावर त्याने चौथ्यापासून सुरुवात केली. आपला मासा रंगाखाली अजून तसाच आहे.”

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी थर्मास काढला. पेला एकच होता, झाकणाचा. आधी मी प्यायले, मग ते, मग पुन्हा मी. तीन तास. मी त्यांना माझ्या साहेबाची नक्कल करून दाखवली. त्यांनी शेजाऱ्याच्या कोंबड्यांचे किस्से सांगितले. नावं सांगायची राहिली. एवढं झाल्यावर ‘बरं, आपण कोण?’ असं कसं विचारणार? दुपारी फाटक बंद करणाऱ्याने आम्हाला हाकललं. दुसऱ्या दिवशी सात अडतीसला मी मान हलवली, त्यांनी मान हलवली. मला वाटलं ते काही बोलतील. त्यांनाही वाटलं असावं की मी बोलेन. झालं, पुन्हा सतरा वर्षं नंदीबैल.

दोन हजार आठच्या ऑक्टोबरात एका सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारी नाहीत. नाताळ झाला तरी नाहीत. मी विचारणार कोणाला आणि काय? ‘करडा कोट कुठे गेला?’ फलाटावर चाळीस माणसं रोज त्यांच्याजवळ उभी राहिली होती, आणि एकालाही त्यांचं नाव माहीत नव्हतं. माझंही कोणाला माहीत नव्हतं म्हणा.

खरं सांगते, इतिहासाचं मला काडीचं प्रेम नव्हतं. मी मंडळात शिरले ती त्यांच्यासाठी. ज्या गावात घोड्याच्या नालाचा पत्ता लागतो तिथे एका माणसाचा लागणार नाही? नाही लागला. मग मी गळ टाकला. दर वर्षीच्या प्रश्नमंजूषेत सदतिसावा प्रश्न माझा: एक नंबरच्या फलाटावर तिसऱ्या दिव्याच्या खांबावर रंगाखाली काय दडलंय? जगात याचं उत्तर दोघांनाच ठाऊक होतं. चौदा वर्षं लोकांनी लिहिलं: गंज, उंदीर, रेल्वेची लाज. एकाने तर ‘माझी सासू’ असंही लिहिलं. मासा कोणी लिहिला नाही, आणि उत्तर मी कधी जाहीर केलं नाही.

या वर्षी मी माशाची नोंद पहिल्यांदाच पुस्तिकेत घातली, आणि आमचे अध्यक्ष डेस्मंड पार्जिटर अडून बसले. डेस्मंड दातांचा निवृत्त डॉक्टर. अर्ध्या गावाच्या तोंडात त्याचा हात जाऊन आलाय, त्यामुळे गाव त्याच्यापुढे अजूनही तोंड उघडताना घाबरतं. त्याने पुस्तिकेसाठी नियम केलाय: प्रत्येक नोंदीखाली ‘सांगणारा’ आणि ‘ऐकणारा’ अशी दोन नावं हवीत. मावशीच्या जेवणाखालीसुद्धा आहेत. माझ्या माशाखाली मात्र ‘ऐकणारी: बेरिल टॅपसेल’ एवढंच, आणि त्याआधी कोरी जागा.

“बेरिल, सोमवारी पुस्तिका छापखान्यात जाते,” तो म्हणाला. “सांगणाऱ्याचं नाव दे, नाही तर तुझा मासा मी काढणार. आणि प्रश्नही. हे शेवटचं वर्ष.”

“तुझ्या राजाने नाल पाडलेला तू पाहिलास का रे?”

“नालाला सांगणारा आहे. एकोणीसशे चारचा लोहार. तुझ्याकडे कोण आहे? ‘एक प्रवासी’! उद्या मीही सांगेन, माझ्या परसात हत्ती पुरलाय.”

“तुझ्या परसात तुझ्या पेशंटांचे दात पुरलेत, ते आधी सांग.”

तो हसला, पण बधला नाही. गावभरचे दात उपटणारा माणूस, एक मासा उपटायला त्याला किती वेळ लागणार?

शनिवारी संध्याकाळी हॉल भरला. नेहमीचंच: सहा-सहाच्या टोळ्या, घरून आणलेलं चीज, वाईन, बटाट्याचे काप, आणि ज्यांना एकही उत्तर येत नाही त्यांची सर्वांत मोठी बडबड. सदतिसावा प्रश्न मी सावकाश, दोनदा वाचला. मागून कोणीतरी ओरडलं, “आला बेरिलचा खांब!” आणि सगळे खो-खो हसले. मीही हसले. हसण्यावारी नेल्याशिवाय असली गोष्ट चौदा वर्षं निभत नाही.

उत्तरपत्रिका तपासायला मी स्वयंपाकघरात बसले. वाचनालयाच्या टोळीचा कागद अकरावा होता. सदतीस: ‘मासा. कारागीर जेवायला गेला म्हणून राहिला.’

मी तो कागद खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. तोच हातात घेऊन मी हॉलमध्ये गेले.

वाचनालयाच्या टेबलावर पाच ओळखीचे चेहरे होते आणि एक अनोळखी, पंचेचाळिशीची बाई. बॅगेच्या मुठीला दोरा गुंडाळलेला होता. तीच बॅग. मी जवळ जाऊन म्हटलं, “जरा आत येता का? सदतिसाव्याबद्दल विचारायचंय.”

“आम्ही फोनवर शोधलं नाही हं!” ती आत येत म्हणाली. “देवाशप्पथ. बाबांनी सांगितलेलं.”

“बाबा कुठे असतात?”

“दोन वर्षांपूर्वी गेले. लीड्सला.” तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही बसता का? खुर्ची देऊ?”

मी बसले.

तिचं नाव फिलिपा. ती उन्हाळ्यात इथे भाड्याने राहायला आली. लहानपण चार मैलांवरच्या खेड्यात गेलं, आई ती सहा वर्षांची असताना वारली, बाबा रोज स्टेशनला गाडी लावून लंडनला जायचे. पेंडलहर्स्टचं त्यांना फलाटापलीकडे काही माहीत नव्हतं. म्हणून माझा गळ इतकी वर्षं रिकामा येत होता. मी चुकीच्या तळ्यात मासे धरत होते.

“पण तो मासा खरा नाहीये,” ती म्हणाली. “तुम्ही खरा धरून चाललात की काय? अहो, बाबांनी तो बनवला होता.”

“बनवला?”

“खांबाशी एक बाई उभ्या राहायच्या. बाबांना त्या फार आवडायच्या. घरी त्यांचं नाव तिसरा दिवा. ‘आज तिसऱ्या दिव्याने नवी टोपी घातली होती’, ‘आज तिसरा दिवा खोकत होता’. मी चिडवायचे, बाबा, बोला ना एकदा! एकदा बर्फात दोघंच अडकले. बाबांना काही सुचेना. आणि मग तोंडातून मासाच निघाला म्हणे. घरी येऊन कपाळावर हात मारून बसले: ‘फिल, सगळ्या जगातले विषय सोडून मी मासा म्हणालो!’”

मला हसू यायला हवं होतं. मी टेबलाचा कोपरा धरून ठेवला होता. गेली तेहेतीस वर्षं मी थंडीत हातमोजा काढून त्या खांबावर अंगठा फिरवत आले होते. हिरव्या रंगाच्या थरांखाली एक उंचवटा लागतो. मी तोच मासा धरला होता.

“मग बोलले का नाहीत?” हे मी मोठ्याने विचारलं.

“बोलणार होते. ऑफिसने लीड्सला बदली केली, पंधरा दिवसांची मुदत. शेवटच्या शुक्रवारी फुलं घेऊन गेले. मी त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं वाक्य: ‘माझं नाव रोलंड हॅडलो, आणि मला आधीच सांगायला हवं होतं.’ तर त्या दिवशी त्या आल्याच नाहीत. गाडी आली, बाबा चढले. त्यांना वाटलं, कळलं असेल त्यांना, आणि नको असेल.”

तो शुक्रवार मला आठवत होता. सत्तावीस वर्षांत मी मोजून नऊ दिवस गाडी चुकवली आणि नऊही आठवतात. त्या शुक्रवारी सात अडतीसला मी डेस्मंडच्या खुर्चीत आ वासून बसले होते. दाढ. चाळीस मिनिटं लागली, कारण मूळ वाकडं होतं. सोमवारपर्यंत थांबली असती तर चाललं असतं, पण मला वाटलं, एका दिवसाने काय बिघडतंय.

“त्या बाई कोण होत्या, कधी कळलंच नाही,” फिलिपा म्हणाली. “शेवटीसुद्धा बाबा म्हणाले, नाव तरी विचारायला हवं होतं.”

मी तिला नाव सांगितलं. तिने दोन्ही हात तोंडावर नेले, आणि मग मला जवळ घेतलं. आमच्याकडे अनोळखी माणसं असं करत नाहीत. मी रडले. एकाहत्तराव्या वर्षी, चर्चच्या स्वयंपाकघरात, बशांच्या ढिगाशेजारी, हॉलमध्ये लोक निकालासाठी टाळ्या पिटत असताना मी हुंदके देऊन रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

रविवारी सकाळी डेस्मंड पुस्तिकेची शेवटची पानं घेऊन माझ्याकडे आला. चहा ओतून होईपर्यंत त्याला दम नव्हता.

“बोल. मासा ठेवायचा की काढायचा?”

“सांगणारा मिळाला.”

“असं?” त्याने चष्मा पुसला. “माहिती पक्की आहे ना? तू आजवर एकही खोटी नोंद जाऊ दिलेली नाहीस, म्हणून विचारतो.”

ते खरं होतं. गायिका बाकावर झोपली की खुर्चीवर, यासाठी मी दोन वर्षं पत्रव्यवहार केला होता.

“पक्की आहे,” मी म्हटलं. “सांगणारे तीन तास माझ्याशेजारी होते.”

डेस्मंडला काही कळलं नाही, पण त्याने पेन दिलं. मी पान पुढे ओढलं. माझ्या नावाआधीची कोरी जागा बोटभर होती. सावकाश, नीट अक्षरात लिहिलं, म्हणजे छापखानेवाला चुकणार नाही. मग ओळ एकदा वाचून पाहिली.

सांगणारा: रोलंड हॅडलो. ऐकणारी: बेरिल टॅपसेल.

“शेजारी शेजारी बरी दिसतात की नावं,” डेस्मंड म्हणाला आणि बिस्किटांकडे वळला.