तहानलेली मिरची

मित्रांनो, मी एक म्हातारी मिरची आहे. टोपलीत विकायला बसते ती नव्हे. मुळं-पानं असलेली, गच्चीवर तेलाच्या पत्र्याच्या डब्यात वाढलेली. आमच्याकडचं ऊन असं, की दुपारी डब्याला हात लावला तर चटका बसतो.

मला लावलं कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका फोरमननी. घरीदारी सगळे त्यांना साहेब म्हणत. कीड लागली तेव्हा त्यांनी माझं पान न् पान पुसलं होतं. पण फुलं धरली तसं पाणी तोडलं. "तहानेनं तडफडली की मिरचीला तिखट चढतं," ते म्हणत. चढायचंही. पाहुणे एक तुकडा खाऊन नाकाडोळ्यांतून पाणी गाळत आणि साहेब मांडीवर थाप मारून हसत. माझी तारीफ चालायची तेव्हा माझी माती भेगाळलेली असायची.

त्यांची सून गच्चीवर कपडे वाळत घालायला येई. एकदा माझी पानं लोंबताना पाहून ती म्हणाली, "अगं बाई, काय दशा झालीय तुझी!" बादलीत उरलेलं पाणी तिने मला घातलं. मग रोजच घालू लागली. मी तरारले.

एके दुपारी साहेबांच्या बोटांना माती ओली लागली. त्यांनी मुलाला आणि सुनेला वर बोलावलं.

"पाणी कोणी घातलं?"

"मी, बाबा. मरायला टेकली होती हो ती."

"असं? मग खाऊन सांग, तिखट उतरलं का."

त्यांनी माझ्या पिकल्या मिरच्या मूठभर तोडल्या. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो दोरीवरचे चिमटे सारखे करू लागला. तिने एक चावली.

"तिखट आहे, बाबा."

"नीट चावून सांग."

दुसरी. तिसरी. तिला ठसका लागला, ती तापल्या फरशीवर बसली आणि तिने दोरीखाली ठेवलेल्या पाण्याच्या बादलीकडे हात नेला. साहेबांनी बादली उचलली आणि सगळं पाणी माझ्या डब्यात ओतलं.

"तुला हिचीच माया ना? मग हिलाच पिऊ दे."

आणि मी प्यायले, मित्रांनो. मुळांना नको म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली, ती परत आलीच नाही. पुढच्या उन्हाळ्यात मुलाचं दुसरं लग्न झालं. आज नवी सून बादली घेऊन गच्चीवर आली आहे. माझ्या वाळक्या पानांवरून तिने हळूच बोट फिरवलं.

तुम्ही झाडांना पाणी घालता, चांगलं करता. घालत राहा. पण कोणीतरी धावत जा आणि तिला सांगा, मला घालू नकोस.