कसर लागलेला पडदा

मी एक जुना मखमली पडदा आहे. कधीकाळी माझा रंग पिकल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा होता. आता तो कडेकडेने विटला आहे आणि मला जागोजागी कसर लागली आहे. मित्रांनो, कसर म्हणजे कापड खाणारी बारीक अळी. तिने पाडलेली भोके या गोष्टीत पुढे येणार आहेत, म्हणून तिचे नाव आधीच सांगून ठेवतो.

एका म्हाताऱ्या शिंप्याने मला शिवले. मी फडफडू नये म्हणून त्याने माझ्या तळाशी शिशाच्या गोळ्या घातल्या आणि मला थोपटून म्हणाला, "डोळ्यांवर झोप उतरते ना, तसं उतरायचं बरं का!" ते मी कधी विसरलो नाही.

पुढे कित्येक वर्षे मी एका नाट्यगृहात काम केले. माझी एक बाजू टाळ्या ऐकायची आणि दुसरी बाजू धापा. माझी दोरी ज्यांच्या हातात असायची, त्यांना सगळे दोरीकाका म्हणत. त्यांची बहीण विंगेत उभी राहून नटांना विसरलेली वाक्ये कुजबुजून सांगायची. सगळे तिला आत्या म्हणत. ती जन्मभर इतकी कुजबुजली, की दूधवाल्यालाही कुजबुजत "अर्धा लिटर" म्हणायची. तो बिचारा इकडेतिकडे बघून तसाच कुजबुजत "बरं" म्हणायचा. दोरीकाकांच्या मुलीला आई नव्हती, ती या आत्याच्याच हाताखाली वाढली. मुलांच्या नाटकात तिने खारीचे काम असे काही केले, की तिचे नावच खारुताई पडले. ती मला धरून सरसर वर चढायची आणि समोरची मुले श्वास रोखून बघायची.

मग यंत्रावर सरकणारा नवा पडदा आला. माझी घडी घालून मला अडगळीच्या खोलीत ठेवले. कसर मला तिथेच लागली. मी अर्धवट झोपेत असायचो आणि झोपेत मला टाळ्या ऐकू यायच्या.

एके दिवशी दोरीकाका आले. त्यांनी मला चाचपले आणि म्हणाले, "पोरीच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही. तू चालशील." माझा एक भाग कापून त्यांनी तो खारुताईच्या खिडकीला लावला. दोरीसुद्धा जुनीच बांधली.

खारुताईला ताप आला होता. ताप गेला, थकवा मात्र गेला नाही. ती झोपायची, पण झोपेतून उठल्यावर आणखी दमलेली असायची. बोलता बोलता शब्द तिच्या हातून निसटायचे. तपासण्यांमध्ये काहीच निघाले नाही. शेजारीण दारातूनच म्हणायची, "तरणीताठी पोर, आणि नुसती लोळत पडते! आळस हो, दुसरं काय?"

दुपारी ऊन माझ्या भोकांमधून आत यायचे. छतावर उजेडाचे लहान लहान ठिपके पडायचे आणि सावकाश सरकायचे. खारुताई त्यांना नावे द्यायची, हा चमचा, ही होडी, ही माझी शेपटी. मला वाटायचे, खोली पाण्यावर तरंगते आहे आणि आम्ही दोघे कुठेतरी निघालो आहोत.

एखाद्या दिवशी तिला बरे वाटायचे. मग ती म्हणायची, "बाबा, आज राहिलेली सगळी कसर भरून काढते!" ती कपाट आवरायची, गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायची. दोरीकाका टाळ्या वाजवायचे. दुसरा दिवस कसाबसा जायचा आणि तिसऱ्या दिवशी तिला चमचासुद्धा उचलवत नसे. डॉक्टरांकडे निघताना आत्या तिला सवयीने वाक्ये सांगायची, "हसून आत जा. म्हण, आता बरीच बरी आहे." खारुताई जातीची नटी. ती तसेच करायची. डॉक्टर म्हणायचे, "उत्तम! रोज थोडं थोडं चालणं वाढवा." दोरीकाकांनी तिचे चालणे वाढवले. तिचा आवाज खाली खाली गेला आणि ती आत्यासारखीच कुजबुजू लागली. तरी दोरीकाकांनी नाट्यगृहात शब्द देऊन टाकला, सुट्टीतल्या नाटकात खार हीच होणार!

आत्या मात्र वाचू लागली होती. जगभरच्या डॉक्टरांनी लिहिलेले ती भिंग लावून फोनवर वाचायची, असेच आजारी माणूस असलेल्या घरांना पत्रे धाडायची. अवघड शब्द ती पुन्हा पुन्हा पुटपुटायची. एका दुपारी, खारुताईचा डोळा लागल्यावर, ती माझ्यापाशी उभी राहून म्हणाली, "दादा, या आजारात श्रमांचा फटका लगेच बसतोच असं नाही. एकदोन दिवसांनीही बसतो."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण प्रयोग बघतो, टाळ्या वाजवतो. परवा ती कोसळते, तेव्हा म्हणतो, आज काय झालं हिला?"

दोरीकाका उखडले. "मग काय, निजवूनच ठेवू? अगं, शब्द दिलाय मी!"

"तू मध्यंतर कधी करायचास?"

"आता हे काय मधेच? पहिला अंक संपला की."

"नट आडवा होईपर्यंत थांबायचास?"

"वेड लागलंय का तुला? माणूस दमायच्या आधीच तर..."

त्यांचे वाक्य तिथेच थांबले. त्यांचा हात माझ्या दोरीवर होता. आत्याला पुढचे वाक्य येत होते, पण आयुष्यात पहिल्यांदाच तिने ते सांगितले नाही.

संध्याकाळी ते नाट्यगृहात जाऊन आपला शब्द मागे घेऊन आले. दुसरी खार ठरली. खारुताई भिंतीकडे तोंड करून रडली. तिच्या रडण्याला आवाज नव्हता.

मग एक नवीन डॉक्टरीणबाई घरी आल्या. "कसं वाटतंय?" त्यांनी विचारले. खारुताईने आत्याकडे पाहिले. आत्याने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला. मग खारुताई हळूच म्हणाली, "आत्ता मी छान दिसते ना? तुम्ही परवा या."

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून जवळ बसल्या. "परवा काय होतं, तेच सांग मला," त्या म्हणाल्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले, पुन्हा तपासले आणि आजाराचे नाव सांगितले: क्रॉनिक फटीग सिंड्रोम. "हा आळस नाही. हा आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून सापडलेलं नाही, शोध चालू आहे. तोवर अंगात आहे त्याहून कमीच ताकद वापरायची."

आता आमच्या घरी रोज मध्यंतरे होतात. खारुताई बोलत असते, हसत असते, आणि दोरीकाका उठून माझी दोरी ओढतात.

"बाबा! आत्ता कुठे रंगात आलं होतं!"

"म्हणूनच," ते म्हणतात. मी शिंप्याने सांगितले होते तसा उतरतो.

ती बरी झालेली नाही. पण परवाचे ते कोसळणे कमी झाले आहे. एका दुपारी दोरीकाका सुईदोरा घेऊन आले आणि म्हणाले, "आज या पडद्याची कसर भरून काढतो." खारुताईने छताकडे बोट दाखवले. तिथे होडी निघाली होती. "नको बाबा," ती म्हणाली, "राहू द्या ती कसर."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मला म्हणता आले असते. पण मला माणसांबद्दल सांगायचे आहे. तुमच्या ओळखीचे कोणी असे थकून पडले असेल, तर त्याला भेटायला जा. थोडाच वेळ बसा, हळू बोला. ते हसले तर तुम्हीही हसा, पण तेवढ्यावरून ते बरे झाले असे ठरवू नका. परवा पुन्हा विचारा. आणि तेव्हा पडदा ओढलेला दिसला, तर तो उघडू नका. उजेडाची काळजी नको. त्याच्यासाठी मला पुरेशी भोके आहेत.