पाठीवरचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना ब्लॉक आहे. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड. वरचं हेड, आतले पिस्टन, खालचा क्रँक असं सगळं काढून घेतलं की जे जड, भोकाभोकांचं आणि पाहुण्यांना दाखवावंसं न वाटणारं काही उरतं, ते मी.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्याचे दोन भाग जोडून आत वितळलेलं लोखंड सोडण्यात आलं. ज्याने ते भाग जोडले त्याचं लक्ष बहुधा जेवणाच्या सुट्टीकडे होतं. भाग केसभर सरकले आणि माझ्या कुशीवर जोडाची एक बारीक रेघ कायमची राहिली. पाठीवर आकडे उठले. आपण कोणत्या इंजिनाचे, कोणत्या घराण्यातले, हे त्या आकड्यांवरून कळतं म्हणे. पण पाठ पडली स्वतःची. तुम्हाला तरी तुमची दिसते का? गाडीत बसवताना ती बाजू पत्र्याकडे गेली आणि आपण नक्की कोण, हे मला कळायचं राहूनच गेलं.

माझा पहिला मालक अंडी पोहोचवायचा. त्याच्या टेम्पोत मी पुढच्या सीटखाली होतो. रस्त्यात गतिरोधक आला की तो माझं नाही, अंड्यांचं मत घेऊन पुढे जाई. मागचे लोक हॉर्न वाजवत आणि शेजारून जाताना त्याच्या घराण्याबद्दल बोलत. तो हात हलवून त्यांना पुढे जाऊ देई. मला त्याने कधी गुरगुरायला लावलं नाही. तेल वेळेवर बदललं. संध्याकाळी सीटखालच्या झाकणावर एक थाप मारायचा, एवढंच माझं कौतुक. पण ते रोज व्हायचं.

एकदा आम्ही सिग्नलला उभे असताना मागून ट्रक आला. त्या ट्रकमध्ये अंडी नव्हती. मालकाला खरचटलंसुद्धा नाही. अंड्यांबद्दल मी बोलू इच्छित नाही. एवढंच सांगतो की ती सगळी सीटखाली, माझ्या अंगावर आली.

टेम्पो मोडीत निघाला आणि मी भंगाराच्या आवारात पोहोचलो. तिथल्या मालकाला सगळे डॉक्टर म्हणत. त्याने कुणाला तपासलेलं नव्हतं. पण आवारातला कुठलाही भाग दाखवताना तो एकच वाक्य बोले, “एकहाती गाडी आहे, डॉक्टरांची.” म्हणजे एकाच मालकाने जपून वापरलेली. त्याच्या आवारातल्या सगळ्या गाड्या खरोखर डॉक्टरांच्या असत्या, तर त्या गावात कुणाची आजारी पडायची छाती झाली नसती.

मला मात्र त्याने कुणालाच दाखवलं नाही. त्याला बाकड्याचा एक पाय कमी पडत होता. माझ्यावर फळी टाकून तो प्रश्न सुटला. गिऱ्हाइकं फळीवर बसत, चहा पीत आणि चांगला ब्लॉक मिळत नाही म्हणून हळहळत. खाली मला गंज चढत होता. दर महिन्याला भट्टीवाल्याची गाडी यायची आणि न खपलेलं लोखंड वितळवायला न्यायची. बाकड्याचा पाय असल्यामुळे मी वाचत होतो. पण डॉक्टरने नवं बाकडं आणायचं बोलून दाखवलं होतं.

अशात एक बाई आणि तिचा दीर आले. बाईचा नवरा काचा कापायचा. खिडक्यांच्या, कपाटांच्या, आरशांच्या. हातात काच कापायची हिरकणी असली की तो शांत, स्टिअरिंग आलं की घामाघूम. त्यामुळे काचा पोहोचवायचं काम बाईकडे होतं. तिच्या टेम्पोची पाण्याची नळी फुटली, इंजिन तापलं आणि ब्लॉकला तडा गेला. बाकी सगळे भाग धड होते, म्हणून तिला तस्साच ब्लॉक हवा होता. तो मिळाला नाही तर टेम्पो भंगारात, काचेचं दुकान बंद, आणि नवरा-बायको दोघं दिराच्या फरशीच्या दुकानात. दीर म्हणायचा, वहिनी, तुम्ही गल्ल्यावर बसायचं, दादा मोजमाप बघेल, डोक्याला ताप नाही. माणूस मनाने चांगला होता. चांगल्या माणसाला नाही म्हणणं किती अवघड असतं, हे वहिनीच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दिराने मोबाइलवर ब्लॉक निवडण्याचे बरेच व्हिडिओ पाहिले होते आणि शिकलेलं सगळं तो वाटेत बोलून संपवून आला होता. त्याला आल्या आल्या एक निळा ब्लॉक आवडला. ताजा रंग, पाठीवरचे आकडे स्वच्छ. वहिनीने आपल्या जुन्या ब्लॉकचा आकडा तळहातावर पेनाने लिहून आणला होता. तो जुळला. डॉक्टर म्हणाला, “एकहाती—”

“डॉक्टरांची,” वहिनी म्हणाली. “बघते.”

तिने पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला आपला पिस्टन काढला आणि निळ्याच्या सिलिंडरमध्ये सोडला. तो आत खुळखुळला. निळ्याचं घराणं बरोबर होतं, पण सिलिंडर कुणीतरी आधीच घासून मोठे केले होते. तिचे पिस्टन त्यात बसणार नव्हते. आकडा जन्म सांगतो, पुढे काय काय झालं ते सांगत नाही. मला हे नवीन होतं आणि मी कान टवकारून ऐकत होतो. कान नसताना ते जितकं जमतं तितकं.

वहिनी हिरमुसून बाकड्यावर बसली. पिस्टन ठेवायला खाली वाकली आणि तशीच थांबली. मग उठली, दिरालाही उठवलं आणि फळी बाजूला केली.

डॉक्टर म्हणाला की ते बाकडं आहे. वहिनी म्हणाली, असू दे.

तिने माझ्या पाठीवरचा काळा थर पत्र्याच्या तुकड्याने खरवडायला घेतला. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्या पाठीकडे कुणी पाहिलं नव्हतं. ती एकेक आकडा मोठ्याने वाचू लागली आणि मी एकेक आकडा पहिल्यांदाच ऐकू लागलो. सगळे जुळत गेले. शेवटचा गंजात बुजलेला होता. सहा म्हणावा तर सहा, आठ म्हणावा तर आठ. आठ असता तर मी दुसऱ्याच घराण्यातला. ती पुन्हा खरवडू लागली, तेव्हा ग्रीसमधून काहीतरी पांढरं निघालं. तिने ते बोटावर घेतलं. अंड्याचं टरफल.

“हे काय, डॉक्टर?”

डॉक्टर डगमगला नाही. “नाश्त्याला खात असतील.”

तिने आणखी दोन तुकडे काढले. मग आकडा पुसला. सहा होता.

पिस्टन माझ्यात सोडल्यावर पडला नाही. अंगठ्याने दाबला तसा सावकाश उतरला. सिलिंडरच्या वरच्या कडेशी तिने नख फिरवलं. फार पळवलेल्या इंजिनात तिथे पायरी तयार होते. माझ्यात नख अडलं नाही.

तेवढ्यात दिराला माझ्या कुशीवरची रेघ दिसली. तो म्हणाला, “तडा आहे, वहिनी. सोडा. एकदा पोळलोय ना आपण?”

तडा नाही, जोड आहे, जन्माची खूण आहे, हे मला ठाऊक होतं. सांगणार कसं? वहिनीचा चेहरा उतरला. पण तिने रॉकेल मागितलं, रेघेवर लावलं, मुरू दिलं, पुसून कोरडं केलं आणि वर खडू घासला. तडा असेल तर आत गेलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि खडूवर ओली काळी रेघ उमटते. आता थांबायचं होतं. चहा आला. दीर गल्ल्याबद्दल बोलत राहिला. तिथे पंखाही होता म्हणे. वहिनी खडूवरून नजर काढत नव्हती.

“ओल आली,” दीर एकदम म्हणाला.

आली होती खरी. खडूच्या कडेला, गोल. वहिनीने वाकून वास घेतला.

“भाऊजी, तुमचा चहा उचला.”

त्याने माझ्यावर टेकवलेला पेला उचलला. रेघेवरचा खडू पांढरा शुभ्र होता.

“अंडी नेणारा माणूस गाडी कशी चालवत असेल?” ती म्हणाली. “मी काचा नेते तशी. हाच घेऊ या.”

दिराने चहाचा पेला खाली ठेवला. मग त्याने बाह्या सरसावल्या आणि माझी एक बाजू धरली. मी किती जड आहे ते कुठल्याच व्हिडिओत सांगितलं नव्हतं, हे त्याला तेव्हा कळलं.

आता मी काचा नेतो. मागचे हॉर्न तसेच वाजतात, वहिनी तसाच हात हलवते. इंजिनाच्या पाण्यात गंज धरू न देणारं औषध घालते, नळ्या दाबून बघते. तेवढं तुम्हीही करत जा. दिराच्या नव्या दुकानाचा मोठा आरसा आम्हीच पोहोचवला. शेजारी बसून तोच सारखा म्हणत होता, हळू, वहिनी, हळू. डॉक्टर आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, “एकहाती गाडी आहे, अंडेवाल्याची.” बाकडं त्याने नवं आणलेलं नाही. एका बाजूला आता निळा ब्लॉक आहे.

माझी पाठ पुन्हा पत्र्याकडे आहे, पण आता मला तिथे काय लिहिलंय ते माहीत आहे. म्हणून मित्रांनो, एकच विनंती. एखादी जुनी वस्तू टाकून देण्याआधी तिची पाठ जरा खरवडून बघा. आणि वाचाल ते मोठ्याने वाचा. तिलाही ते ठाऊक नसतं.