ताईबाईचं खरं वय

भडगावच्या दवाखान्यात डॉक्टर अखिल यांचा कॉम्प्युटरवर फार जीव. हृदयाचे ठोके बिघडलेला म्हातारा माणूस आला, की त्याचं वय, वजन, तपासण्या आत भरायच्या. कोणती गोळी, किती द्यायची, कॉम्प्युटर सुचवणार. कोकिळा सिस्टरलाही तो आवडायचा. घाईत माणूस विसरतं, तो विसरत नाही.

पण त्या दिवशी ठोके बिघडून आलेल्या ताईबाईच्या नावापुढे हिरवा शेरा आला : रक्त पातळ करण्याच्या गोळीची गरज नाही. वय बासष्ट, शुगर नाही, बीपी नाही.

कोकिळेनं बाकावरच्या ताईबाईकडे पाहिलं. बोळकं झालेलं तोंड, कमरेत वाकलेली. ही बासष्टची? आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी, म्हणजे अंदाजे टाकलेली. कोकिळेला हसूही आलं आणि रागही.

"अक्का, बारा वर्षांपूर्वी कार्ड काढताना वय कोणी सांगितलं?"

"मीच. त्या भाऊनी इचारं, मी म्हंतं पन्नास लिखी टाक. माले काय माहीत माय?"

थट्टेची गोष्ट नव्हती. ठोके असे वेडेवाकडे पडत राहिले, की हृदयात रक्ताची गाठ होते. ती मेंदूकडे गेली की अर्धं अंग लुळं. कोकिळेचे वडील तसेच सात वर्षं खाटेवर होते. आणखी एक माणूस तसं पडलेलं तिला बघायचं नव्हतं.

तिनं सोबतच्या मुलाला वय विचारलं. एसटीतून रिटायर झालेला, शाळेच्या दाखल्याप्रमाणे साठ.

"सर, माय बासष्टची आणि मुलगा साठचा."

डॉक्टर कपाळाला हात लावून हसले. "लहानपणीच लग्न झालं असेल. चौदा-पंधराव्या वर्षी मूल धरलं, तरी चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर. पंचाहत्तरच्या पुढे कॉम्प्युटर गोळी द्याच म्हणतो, पंचाहत्तरच्या आत नुसता विचार करा म्हणतो. अंदाजानं कसं भरू? ह्या गोळीनं रक्तस्रावही होतो."

कोकिळा मुलाकडे वळली. "भाऊ, तुमचं नाव?"

"चिंधा."

बस्स. कोकिळा खान्देशातली, मूल जगत नाही तेव्हाच पुढच्याचं नाव चिंधा ठेवतात, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. ती ताईबाईजवळ बसली. "अक्का, चिंधाभाऊच्या आधी किती?"

म्हातारीनं दोन बोटं दाखवली. "दोन गयात. मंग हाऊ. नजर नको लागाले म्हनीसन चिंधा."

"दोन बाळंतपणं आधीची, सर, म्हणजे आणखी तीन-चार वर्षं. अठ्ठ्याहत्तरच्या खाली नाही."

डॉक्टरांनी अठ्ठ्याहत्तर भरलं. शेरा लाल झाला : गोळी सुरू करा. मूत्रपिंडाची तपासणी पाहून कॉम्प्युटरनं मात्राही सांगितली. गोळी तिथेच सुरू झाली. दुसऱ्या दिवशी जळगावला हृदयाची सोनोग्राफी केली, तर आत खरंच गाठ बसलेली.

तीन महिन्यांनी जळगावचा नवा रिपोर्ट आला. डॉक्टर तो घेऊन स्वतः बाहेर आले. "गाठ विरली. ताईबाई, ही सिस्टरची कमाई. आता म्हाताऱ्यांचं वय हीच विचारणार, मगच मी कॉम्प्युटरला हात लावणार."

कोकिळेला रडू आवरेना, आणि ती हसतही होती. ताईबाई बाकावरून आपली आपण उठली. तिनं दोन्ही हात कोकिळेच्या गालांवरून उतरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. दहाही बोटं कडाकडा वाजली.