दुसरं कलम

"बाई, माझा प्रोग्रॅम तपासून तरी घ्या ना," हेमा म्हणाली. "रविवारी क्लासला बसून बसून केलेला मी. व्हायरस निघाला तर स्वतः पुसते."

"नियम म्हणजे नियम, हेमा."

मानपाड्याच्या त्या रंगाच्या कारखान्यात सरोजबाई टिपणीस बावीस वर्षं होत्या. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय साहेबांचं पत्र बाहेर पडत नसे. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा सत्तेचाळिसाव्या वर्षी त्या क्लासला गेल्या, पासही झाल्या. मग कोलशेतच्या कोळीवाड्यातली हेमा नोकरीला लागली. पगाराच्या स्लिपांचं दोन दिवसांचं काम तासाभरात उरकणारा प्रोग्रॅम तिने स्वतः लिहिला आणि फ्लॉपीवर घेऊन आली. त्या दिवशी साहेब खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. सरोजबाईंच्या शेजारी ते कधीच बसले नव्हते.

पुढे शेजारच्या एका कारखान्यात व्हायरसने सगळा हिशेब खाल्ला. साहेब घाबरले आणि नियम करायचं काम त्यांनी सरोजबाईंकडे दिलं. बाहेरची फ्लॉपी आणायची नाही, हे पहिलं कलम. दुसरं सरोजबाईंनी आपल्या मनाने घातलं. कुणीही स्वतः केलेला प्रोग्रॅम ऑफिसच्या मशीनवर ठेवायचा नाही.

"मग हेमाच्या प्रोग्रॅमचं काय?" साहेब म्हणाले. "तेवढा वगळू या की."

"एकीला सूट दिली तर उद्या सगळेच मागतील, सर."

साहेबांनी सही केली.

आता हेमाने कमांड दिली. नक्की पुसायचं का, असं मशीनने विचारलं. तिने कीबोर्ड सरोजबाईंकडे सरकवला.

"तुम्हीच दाबा बाई. माझा हात नाही होत."

सरोजबाईंनी होकाराचं वाय दाबलं. क्षणभर त्यांना फार बरं वाटलं.

पुढच्या पगाराला दोघी शेजारी बसून स्लिपा टाइप करत होत्या. सरोजबाईंची बोटं हेमापेक्षा कितीतरी भरभर चालत होती. पण ते बघायला कुणी आलं नाही.

दिवाळीनंतर हेमाला दुसरीकडे चांगली नोकरी लागली. निरोपाच्या दिवशी सगळे तिच्या टेबलाभोवती जमले.

"सरोजबाई, तुम्ही सीनियर. दोन शब्द बोला," साहेब म्हणाले.

सरोजबाई उभ्या राहिल्या. पदर सारखा केला.

"हेमाचा प्रोग्रॅम चांगला होता," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणालाच कळलं नाही. हेमाने मान वर केली नाही. बशीतल्या वेफरचे ती बारीक बारीक तुकडे करत राहिली.